कागदाच्या थरांमधली कला



फेब्रुवारी उजाडला की दुकानांत बदामाच्या आकाराची लालभडक भेटकार्डं दिसू लागतात. छापील, गुळगुळीत, सगळी सारखी. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी व्हॅलेंटाइनचं कार्ड हातानं, थरावर थर चढवून केलं जाई. या कार्डाकडे पाहायचं कसं, ते आज सांगणार आहे. नीट पाहता आलं की ते घरीही करता येतं.

इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कुठंही पत्र जाऊ लागलं आणि अशा कार्डांना बहर आला. लंडनचे कारागीर त्यांच्यासाठी कागदाची लेस करत. कोरीव साच्यावर कागद दाबून नक्षी उठवायची आणि उठलेला भाग हलकेच घासून काढायचा. घासलेल्या जागी छिद्रं पडत आणि उरे ती जाळी.

असंच एक इंग्लिश कार्ड अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी, एस्थर हाउलँड या तरुणीच्या हाती पडलं. १८४७ साली तिचं शिक्षण संपलं, त्याच सुमाराची ही गोष्ट. वडिलांचं पुस्तकांचं आणि लेखनसाहित्याचं दुकान होतं. तिनं जाळीचा कागद आणि रंगीत छापील चित्रं मागवून नमुने केले, आणि भावानं ते फिरतीवर नेले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, असं तिला वाटत होतं. भाऊ पाच हजार डॉलरहून जास्तीची मागणी घेऊन परतला, असं सांगतात. मग तिनं मैत्रिणींना कामाला बसवलं. एकीनं कातरायचं, दुसरीनं मांडायचं, तिसरीनं चिकटवायचं.

तिच्या कार्डात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जाळीखालचा रंग. पांढऱ्या जाळीमागे ती चकचकीत रंगीत कागदाचा लहानसा तुकडा लावी, म्हणून नक्षी उठून दिसे. दुसरी, उंची. मागे-पुढे घड्या घातलेल्या कागदी पट्ट्यांच्या स्प्रिंगा लावून ती वरचा थर उचलून धरी. म्हणून हे कार्ड समोरून पाहू नका. खिडकीपाशी तिरकं धरा, म्हणजे थरांच्या सावल्या एकमेकांवर पडलेल्या दिसतील. या कलेचं खरं सौंदर्य त्या खोलीत आहे. तिसरी, मजकूर. तो बहुधा आत असे, उघडल्याशिवाय दिसत नसे.

आता घरी करायचं, तर जाड कार्डशीट मधोमध दुमडा. दर्शनी बाजूवर घोटीव कागदाचा तुकडा लावा, त्यावर केकखाली ठेवतात ती जाळीदार कागदी चकती. डिंक काडीच्या टोकानं टिपक्या-टिपक्यांनी लावा. जास्त झाला तर जाळी सुरकुतते. बोटभर रुंदीच्या पट्टीला पंख्यासारख्या घड्या घालून चार छोट्या स्प्रिंगा करा. चिकटवायची ती फक्त त्यांची दोन टोकं. त्यांवर दुसरा थर बसवा, जुन्या लग्नपत्रिकेतला वेलबुट्टीचा तुकडासुद्धा चालेल. मधोमध तुम्हा दोघांच्या आठवणीची एकच वस्तू ठेवा: सिनेमाचं तिकीट, साडीच्या काठाची चिंधी किंवा फोटोची प्रत. एकच म्हणतो, कारण गर्दी झाली की सावल्यांना जागा उरत नाही. सेलोटेप मात्र टाळा. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि कागदावर डाग सोडते.

राहिला मजकूर. एस्थरबाईंनी १८७९ साली तयार कवितांचं पुस्तकच काढलं होतं. त्यातली कविता निवडून गिऱ्हाईक ती कार्डात लावून घेई. तुम्ही तसं करू नका. दोनच ओळी लिहा, पण स्वतःच्या आणि स्वतःच्या अक्षरात.