बटेश्वर : विखुरलेल्या शिळांची साक्ष

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



'भग्न मंदिर' हे शब्द उच्चारताच आपले मन खिन्न होते आणि बहुधा आपण तेथेच थांबतो. त्या खिन्नतेच्या पुढे काय करता येते, हे पाहावयाचे असेल तर मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यात, पढावलीजवळच्या बटेश्वरला जावे.

आठव्या ते दहाव्या शतकांत, गुर्जर-प्रतिहारांच्या काळात, तेथील टेकडीच्या उतारावर वालुकाश्मात लहानमोठी सुमारे २०० मंदिरे उभी राहिली. काही शिवाची, काही विष्णूची. पुढे हे संकुल कोसळले. भूकंपाने की मानवी हातांनी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या स्थळाची नोंद केली; तरी पुढे कित्येक दशके तेथे शिळांचे ढीगच पडून होते. चंबळचे खोरे म्हणजे दरोडेखोरांचे राज्य. तेथे पाऊल कोण टाकणार?

२००५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अधिकारी के. के. मुहम्मद यांनी ते धाडस केले. परिसरात वावरणाऱ्या दरोडेखोरांशी बोलून त्यांनी कामाला वाट करून घेतली. कोणती शिळा जोत्याची, कोणती शिखराची, हे कोरीव कामाच्या खुणांवरून जुळवीत सुमारे ८० मंदिरे पुन्हा उभी राहिली. २०१९ साली मुहम्मद यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले.

विलक्षण गोष्ट पुढेच आहे. दरोडेखोरांचा धाक सरला आणि अवैध खाणवाले पुढे सरसावले. सुरुंगांच्या हादऱ्यांनी नव्याने उभारलेल्या मंदिरांनाच धोका निर्माण झाला. शस्त्रधाऱ्यांच्या भीतीने जे राखले गेले होते, ते दगडाच्या लोभाने संकटात आले.

श्रोतेहो, बटेश्वर उभे राहू शकले, कारण त्याच्या शिळा पडल्या तेथेच राहिल्या होत्या. आपल्याकडील पडक्या हेमाडपंती मंदिरांचे कोरीव दगड मात्र कोठे बांधाला लागतात, कोठे घराच्या पायरीला. प्रत्येक हललेल्या दगडाबरोबर मंदिर पुन्हा उभे राहण्याची शक्यता घटते. म्हणून माझे मागणे लहानसे आहे. आपल्या गावच्या भग्न देवळातील एकही शिळा जागची हलू देऊ नका. जुळविणारे हात उद्या येतील. त्यांच्यासाठी दगड आज राखावयाचे आहेत.