नवस कशाचा बोलावा?
(मालगुंड येथें पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



गणपतीपुळें आपल्या गांवाला अगदीं लागून. परीक्षा जवळ आली कीं आमच्याच वर्गांतलीं मुलें देवापुढें नारळ ठेवून पास होण्याचा नवस बोलतात. त्यांना आम्ही हंसत नाहीं. कष्टकऱ्याच्या पोरानें वर मान करून कांहीं मागितलें, हीच मुळीं मोठी गोष्ट. आमची तक्रार निराळीच आहे. मूल पास होतें, पुढें शिकूं म्हणतें, आणि नवस फेडून आलेला बापच म्हणतो, "आपल्या नशिबांत तें नाहीं. पोराला मुंबईस चुलत्याकडे धाडतों, पोरीला घरीं बसवितों." पास करणारा देव एक आणि नशीब लिहिणारा देव दुसरा, असें आहे कीं काय?

जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापला, तेव्हां देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको हेंच सांगितलें. भटजीला आपण बाजूस सारलें असेल. पण नशीब नांवाचा दुसरा दलाल घरोघर ठाण मांडून बसला आहे, आणि त्याची दक्षिणा पोरांच्या आयुष्यांतून जाते.

याच मालगुंडांत १८६६ सालीं कृष्णाजी केशव दामले जन्मले. तेच कवि केशवसुत. घर ब्राह्मणाचें, म्हणून आपल्या कांहीं मंडळींना त्यांचें नांव घेणें जड जातें. आम्हांस तें पटत नाहीं. अस्पृश्य मुलाच्या तोंडचा प्रश्न ज्यानें १८८८ सालीं मराठी कवितेंत मांडला, तो आपला परका कसा? त्यांना तरी कोणतें सुख होतें? मॅट्रिक झाले तें १८८९ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. पुढें जन्मभर मास्तरकी. मुंबई, खानदेश, शेवटीं धारवाड. १९०५ सालीं हुबळीस प्लेगानें गेले, तेव्हां चाळिशीहि गांठली नव्हती. कवितांचें पुस्तक हयातींत पाहिलें नाहीं. तें हरि नारायण आपटे यांनीं १९१७ सालीं काढलें. तुटपुंज्या पगाराच्या या मास्तरानें 'तुतारी' लिहिली, ती कोणाच्या आशीर्वादाची वाट पाहून नव्हे.

त्यांची 'झपूर्झा' नांवाची कविता आहे. आपल्या पोरी झिम्मा खेळतांना 'जा पोरी जा' म्हणतात, तेंच भराभर म्हणतां 'झपूर्झा' होतें. ज्ञानामागें देहभान विसरून जे लागतात त्यांच्यासाठीं त्यांनीं हा शब्द योजला. देवभक्ति म्हणतात ती याहून निराळी नसावी, असें आम्हांस वाटतें. आणि आपली रीत पाहा! खेळांत 'जा पोरी जा', आणि दहावीनंतर ती रत्नागिरीस शिकायला निघाली कीं 'थांब पोरी थांब'!

ब्राह्मणाच्या घरचा दाखला नको, तर आपल्या घरचा घ्या. गाडगेबाबा परीट जातीचे, अमरावतीकडचे, स्वतः निरक्षर. दिवसा खराटा घेऊन गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनांत लोकांना उलटसुलट प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण करूं नका, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा, हा त्यांचा परमार्थ. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. तेथें मुलें राबून शिकत. वसतिगृहांतल्या पोरांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रहि ठेवलें नाहीं. त्याच संस्थेनें १९५४ सालीं कराडला कॉलेज उघडलें, त्याला नांव दिलें गाडगे महाराजांचें. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या नांवाचें कॉलेज! देऊळ याहून मोठें काय बांधायचें?

आतां रोकडें बोलूं. शाळाकॉलेजास जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट मिळतो. ज्यांच्या घरचें वर्षाचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे अशा इतर मागासवर्गांतल्या मुलींची डॉक्टरकी, इंजिनिअरिंग यांसारख्या शिक्षणाची फी शासनानें २०२४ पासून माफ केली आहे. हें आपल्यांतल्या किती घरांना ठाऊक आहे? नियम बारीक आहेत, कागद पुष्कळ लागतात, आणि तेवढ्यानेंच पुष्कळांचें धैर्य सुटतें.

म्हणून शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही अर्ज भरून द्यायला बसणार आहों. ज्याला नवस बोलायचा असेल त्यानें खुशाल बोलावा. येतांना मात्र तहसिलीचा उत्पन्नाचा दाखला आणि पोरीला बरोबर घेऊन यावें.