घरी जाऊन तपासायचं म्हणजे नेमकं काय?



मी खेड तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करते. गेल्या वर्षी दवाखाना सांभाळून मी एक अर्धवेळ फेलोशिप केली. महिन्यातले दोन शनिवार-रविवार वर्ग, आठवड्यातल्या दोन दुपारी वृद्ध रुग्णांच्या घरी भेटी, आणि प्रत्येक भेटीचं टिपण वरिष्ठांपुढे मांडायचं. वर्षभर शहरात जाऊन राहिले असते तर गावातला दवाखाना बंद पडला असता. आणि खरं शिक्षण तर रुग्णाच्या घरातच होत होतं.

या विषयातला पहिला शब्द ‘फ्रेल्टी’. मी त्याला जर्जरपणा म्हणते. म्हातारपण वेगळं, जर्जरपणा वेगळा. आमच्याकडे 85 वर्षांचे एक चाचा अजून स्वतः बाजारात जाऊन मासे पारखून आणतात. ते जर्जर नाहीत. 68 वर्षांच्या एक खाला भिंतीला धरल्याशिवाय उठू शकत नाहीत, वर्षभरात कपडे सैल झालेत, त्या आहेत. अशा माणसाच्या शरीरात शिल्लक उरलेली नसते. तुम्हाला-मला दोन दिवस जुलाब झाले तर आपण तिसऱ्या दिवशी कामाला लागतो, खाला अंथरुणाला खिळतात. कॅनडातले डॉक्टर केनेथ रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हा जर्जरपणा मोजायची एक श्रेणी मांडली. तिला यंत्र लागत नाही. माणूस बाहेर जातो का, स्वयंपाक करतो का, आंघोळीला कुणाची मदत लागते का, एवढंच बघायचं.

हे दवाखान्यात कळत नाही. दवाखान्यात खाला रिक्षातून येतात, ठेवणीतला दुपट्टा घेऊन खुर्चीत बसतात आणि ‘बरं आहे’ म्हणतात. घरी गेलं की जांभ्याच्या चार उंच पायऱ्या दिसतात, कठडा नाही. न्हाणी मागच्या दारी, फरशी शेवाळलेली, दिवा बंद. फजरच्या वजूसाठी त्या अंधारात तिथे जातात. या माणसाचं हाड कुठे मोडणार हे सांगायला एक्सरे लागत नाही! तिथे लोखंडी दांडी, दिवा आणि बसून वजू करायला प्लास्टिकची खुर्ची, एवढी माझी पहिली चिठ्ठी असते.

मग औषधांची पिशवी. ती पलंगावर उलटी करायची. एका घरी अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या. तीन डॉक्टरांच्या, त्यातल्या दोन एकच औषध, नावं फक्त वेगळ्या कंपन्यांची. झोपेची गोळी कधीतरी आठवड्यापुरती दिलेली, ती चार वर्षं चालू. मी आडवं झोपवून रक्तदाब मोजला, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर उठताना चक्कर येऊन पडायचा धोका असतो. त्या बाईंचा 34 ने उतरला. जर्जर माणसाच्या बाबतीत औषध कमी करणं हेही औषधच. पण तुम्ही आज घरी जाऊन दादीच्या गोळ्या फेकू नका. काही गोळ्या एकदम थांबवणं धोक्याचं असतं. पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा.

आणखी एक. शहाणीसुरती दादी दोन दिवसांत अचानक भलतंच बोलू लागली, दिवसा झोपू लागली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. स्मृतिभ्रंश हळूहळू येतो. हे अचानक आलेलं बहुधा लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ किंवा नव्या गोळीमुळे असतं. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

आता जरा कडू बोलते. आपल्या कोकणात मुलगा आखातात असतो. तिथून पैसे येतात, एअरबेड येतो, व्हिडिओ कॉलवर आग्रह होतो, ‘डॉक्टर, ॲडमिट करा’. हाड मोडलं, लकवा मारला, धाप लागली, तर क्षणही दवडू नये. पण प्रत्येक तापाला ॲडमिट केलेलं जर्जर माणूस पुष्कळदा आठ दिवसांनी चालणं विसरून घरी येतं. आणि घरी खिदमत कोण करतं? खिदमतीचं सवाब सगळ्या घरादाराचं, रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला उठते ती एकटी सून. फेलोशिपमध्ये आम्हाला शिकवलं होतं की रुग्णाच्या टिपणात सांभाळणाऱ्याचंही टिपण हवं. म्हणून मी विचारते, तू सलग किती तास झोपलीस? पुष्कळ जणी उत्तर द्यायच्या आधी रडतात. घरातल्या मुलग्यांना कूस बदलणं, डायपर बदलणं शिकवायला मला दहा मिनिटं लागतात. त्यांना तयार करायला दोन महिने लागतात.

केरळने हा प्रश्न मोहल्ल्याकडे नेला. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात 1993 मध्ये वेदनाशमनाचं काम सुरू झालं, पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारीपाजारीच प्रशिक्षण घेऊन नर्सबरोबर घरोघर जाऊ लागले. 2008 मध्ये सरकारनेही त्यासाठी धोरण केलं. तिथे कॉलेजची मुलं-मुलीही जातात.

आपल्याकडे अडचण पैशांची आहे. आयुष्मान योजनेत 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. भरती टळावी म्हणून डॉक्टर घरी गेला तर त्याचा एक रुपया त्यात बसत नाही. एका घरभेटीला मला तास लागतो, तेवढ्यात दवाखान्यात दहा-बारा रुग्ण तपासून होतात. फेलोशिप संपली तरी मंगळवारची दुपार मी चालू ठेवली आहे, दवाखान्याच्या कमाईवर. किती दिवस झेपेल ते पाहू.

सध्या मोहल्ल्यातल्या चार मुली माझ्याबरोबर येतात. त्या रक्तदाब मोजतात, गोळ्यांची यादी करतात, खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते लिहितात. बारा किंवा जास्त लागले की नावापुढे लाल खूण. मुलगे अजून एकही नाही. दुचाकी चालवता येत असेल तर फार बरं, वरच्या वाडीला रिक्षा जात नाही.