तालुक्याचे मरण आणि देशाचा आकडा



वसंतातल्या संध्याकाळी, दिवसभराच्या उन्हाची काहिली जरा कमी झाल्यावर, माणसे व्याख्यानाला येतात ती चार घटका मन रमवायला. अशा वेळी कर्करोगासारखा विषय ठेवावा की नाही, याबद्दल चालकांची थोडी चलबिचल झाली होती असे आमच्या कानी आले. तरी त्यांनी तो ठेवला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आमच्याही मनात संकोच होता. पण येथे उतरल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस जो प्रश्न विचारला, त्याने तो संकोच गेला. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कॅन्सर हा शहराचा रोग. आमच्या तालुक्यात देशाच्या मानाने मरणारे कमीच असतील, नाही का?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न हेच आमचे आजचे व्याख्यान.

उत्तर सोपे वाटते. देशाचा आकडा घ्यावा, तालुक्याचा घ्यावा, आणि कोणता मोठा ते पाहावे. बाजारात मिरचीचा भाव पाहावा तसे. पण भाव पाहतानासुद्धा आपण आधी विचारतो, वजन कोणाच्या काट्यावर केले? येथेही तेच आधी विचारले पाहिजे.

देशाचा आकडा असा आहे. फ्रान्समध्ये ल्यों येथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था आहे. तिच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रोगी झाले आणि सुमारे ९ लाख १७ हजार माणसे त्या रोगाने मेली. लोकसंख्येने सरळ भागले, तर दर लाखी सुमारे ६५ मृत्यू येतात. आता हा हिशेब गावावर बसवून पाहा. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला सव्वा ते दीड मृत्यू! अर्धा माणूस काही मरत नाही. म्हणजे एखाद्या वर्षी गावात असा एकही मृत्यू होणार नाही आणि एखाद्या वर्षी चार होतील. गणिताने पाहिले, तर सारे काही देशाच्या सरासरीप्रमाणेच चालले असे धरूनही, अशा शंभर गावांपैकी सत्तावीस गावांत त्या वर्षी एकही मृत्यू दिसणार नाही, आणि चारपाच गावांत चार किंवा अधिक दिसतील.

तुमच्या तालुक्यात शंभराहून अधिक गावे आहेत. तेव्हा दरवर्षी चारपाच गावांत "यंदा आमच्याकडे फार झाले, हे कपाशीच्या फवारणीने झाले" अशी बोलवा उठणार, आणि वीसपंचवीस गावे "आमच्याकडे हा रोगच नाही" म्हणून निर्धास्त राहणार. दोघांच्याही हाती एका वर्षाचा आकडा असतो, आणि एका गावाच्या एका वर्षाच्या आकड्यात रोगापेक्षा योगायोगच अधिक बोलतो. फवारणीची औषधे निरुपद्रवी आहेत असे आम्ही म्हणत नाही. ती उघड्या अंगाने मारू नयेत हे आम्ही हजारदा सांगितले आहे. परंतु त्यांचा दोष सिद्ध करायचा असेल, तर दहा वर्षांचे आणि अनेक गावांचे आकडे एकत्र मांडावे लागतील.

दुसरी गोष्ट वयाची. शाळेच्या पटावरची मुले आणि पारावर बसणारी मंडळी, या दोहोंत कर्करोगाने कोण अधिक मरेल हे सांगायला डॉक्टर नको. हा रोग बहुतांशी उतरत्या वयाचा आहे. ज्या गावातले तरुण वाळूजच्या कारखान्यांत आणि पुण्याला निघून गेले, त्या गावात म्हातारी माणसे उरतात आणि मृत्यूचा दर आपोआप फुगतो; ज्या वस्तीत लेकुरवाळी कुटुंबे अधिक, तेथे तो आपोआप घटतो. म्हणून शास्त्रज्ञ वयाचा फरक काढून टाकून तुलना करतात. प्रत्येक वयोगटाचा दर निराळा काढायचा आणि तो सर्वांसाठी ठरवलेल्या एकाच प्रमाण लोकसंख्येला लावायचा. सेगी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास अशी प्रमाण लोकसंख्या मांडली. थोड्या फेरफाराने ती आजही वापरतात. "अमुक जिल्ह्यात देशापेक्षा जास्त" अशी बातमी वाचाल, तेव्हा ही दुरुस्ती केली आहे की नाही एवढे अवश्य पाहा. केली नसेल तर बातमी बाजूला ठेवली तरी चालेल.

पण हे दोन्ही दोष गणिताने निघतात. तिसरा निघत नाही, आणि आमचे खरे म्हणणे त्याविषयी आहे. तो दोष नोंदीचा.

आम्ही एका तालुक्याच्या गावी काही वर्षे वैद्यकी केली. तेथल्या एका खेड्यातली अठ्ठेचाळीस वर्षांची बाई आमच्याकडे आली, ती अंगावरून जाण्याचा त्रास दीड वर्ष सोसून. तपासताच रोग कळला. तो हाताबाहेर गेला होता हेही कळले. तिला शहरात पाठवले, तिथून ती परत आली, आणि चार महिन्यांनी घरीच गेली. पुढे काही कामासाठी त्या गावची मृत्युनोंदवही पाहण्याचा प्रसंग आला. तिच्या नावापुढे कारण लिहिले होते, "अशक्तपणा". लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. घरच्यांनी सांगितले तेच त्याने लिहिले. घरात लग्नाची मुलगी होती. आईला "तसला आजार" होता हे चारचौघांत कोण सांगणार? कागदावर त्या वर्षी त्या गावात कर्करोगाने एकही मृत्यू नव्हता. देशाच्या मानाने गाव उत्तम!

ही एका गावची कथा नव्हे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. पण देशात नोंदल्या जाणाऱ्या शंभर मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले असे बावीसतेवीसच असतात. महाराष्ट्राची स्थिती याहून बरी आहे, तरी निम्म्यापर्यंतही पोचलेली नाही. त्यात आणखी एक मेख आहे. मृत्यू जेथे घडला तेथे तो नोंदवावा असा कायदा आहे. सिल्लोडचा रोगी घाटीत वारला, तर त्याची नोंद छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेत होते. मुंबईला टाटा रुग्णालयात वारला, तर मुंबईत. नुसती मृत्युनोंदवही मोजणाऱ्याला शहर रोगट दिसते आणि तालुका निरोगी दिसतो.

हा घोटाळा टाळण्यासाठी कर्करोगाची निराळी नोंदणी निघाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत १९६३ साली ती प्रथम सुरू केली. रोगी कोठेही उपचार घेवो, तो मूळचा राहणारा कोठला हे पाहून त्याची गणना करायची, ही तिची रीत. पुढे पुणे, औरंगाबाद आणि नागपूर येथे तिच्या शाखा निघाल्या, आणि १९८१-८२ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. आपल्या जिल्ह्यात नोंदणी आहे हे खरे, पण तिची हद्द शहरापुरती आहे. सिल्लोडचा शेतकरी तिच्या हिशेबात बसत नाही. साऱ्या देशात अशा नोंदण्यांखाली लोकसंख्येचा दहावा हिस्साच येतो, आणि त्यात खेडी थोडी. तेव्हा ज्याला आपण मोठ्या विश्वासाने "राष्ट्रीय आकडा" म्हणतो, तोही पुष्कळसा शहरांच्या मापावरून काढलेला अंदाज आहे हे ध्यानात असू द्या.

खेड्यांची नोंदणी करून पाहिली ती बार्शीने. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात, १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली साडेतीनशेच्या आसपास गावे तिच्याखाली. रोगी रुग्णालयात येईपर्यंत वाट पाहत बसायचे नाही, असे तेथील मंडळींनी ठरवले. कार्यकर्ते ठरल्या वेळी गावोगाव जात, सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटत, रोगाची लक्षणे समजावून देत आणि संशयित दिसेल त्याला तपासणीला नेत. एवढे करूनही बार्शीचे दर मुंबईच्या निम्म्याहून कमी निघाले. पुढे देशाच्या नोंदण्यांचे २०१२ ते २०१६ चे आकडे आले, तेव्हाही शेजारच्या उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांचे दर यादीच्या अगदी तळाशी होते.

मग त्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरले की! काही अंशी ठरले, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. इतके शोधूनही जो रोग कमी सापडतो, तो काही प्रमाणात खरोखरच कमी असला पाहिजे. स्तनाचा कर्करोग शहरात पुष्कळ आणि खेड्यात त्यामानाने थोडा, यात शंका नाही. परंतु त्याच बार्शीत बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत पुढे निघाला. म्हणजे एकूण आकडा लहान असला, तरी जो रोग वेळेवर पाहिला तर टळतो, नेमका तोच खेड्यात बळावलेला.

आणि हे झाले रोगी किती त्याविषयी. मरणारे किती, हा प्रश्न निराळा. त्याचा शोध एका मोठ्या पाहणीने घेतला. २००१ ते २००३ या काळात देशभरच्या नमुना-कुटुंबांत जे मृत्यू झाले, त्या घरी शिकवून तयार केलेले माणूस गेले आणि शेवटचे दुखणे काय होते, गाठ होती का, रक्त जाई का, हे घरच्यांच्या शब्दांत लिहून आणले. ते टिपण दोन डॉक्टरांनी परस्परांस न विचारता वाचले आणि कारण ठरवले. अशा १,२२,४२९ मृत्यूंपैकी ७,१३७ कर्करोगाचे निघाले. डॉ. राजेश दीक्षित, डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. तीस ते एकोणसत्तर या वयात, वयाची दुरुस्ती करून, खेड्यातल्या पुरुषांत दर लाखी ९५.६ मृत्यू आणि शहरातल्या पुरुषांत १०२.४. बायकांत खेड्यात ९६.६ आणि शहरात ९१.२! कोठे गेला शहराचा रोग? निरक्षरांत तर हा दर उच्चशिक्षितांच्या दुपटीहून अधिक निघाला.

रोग खेड्यात निम्मा, पण मरण बरोबरीचे. या दोन आकड्यांमधली जी फट आहे, तिच्यात काही रोगी कधी मोजलेच न गेलेले आहेत, आणि काही आमच्याकडे दीड वर्ष उशिरा आलेल्या त्या बाईसारखे. जगाशी तुलना केली तरी हेच चित्र. जगात दर लाखी सुमारे १९७ नवे रोगी आणि ९२ मृत्यू; भारतात ९८ आणि ६४. रोग निम्मा, मरण मात्र दोन-तृतीयांशाहून अधिक.

काळाबरोबर हे चित्र बदलते आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग देशात उतरणीला लागला आहे आणि स्तनाचा चढतो आहे. तोंडाच्या कर्करोगाविषयी मात्र आम्हांस महाराष्ट्राची धास्ती वाटते. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे वा तोंडात ठेवणारे निघाले. ओढणारे जेमतेम ४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे या मंडपाबाहेर पडलेल्या पुड्या मोजून कोणीही सांगेल.

आता एक आशेची गोष्ट सांगतो, आणि तीही मराठवाड्यातलीच. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या या बायकांपैकी काहींची विषाणूची तपासणी केली, काहींची अन्य पद्धतींनी, आणि काहींना नेहमीप्रमाणेच राहू दिले. आठ वर्षांनी पाहिले, तर आयुष्यात एकदाच झालेल्या त्या विषाणू-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले होते. २००९ साली हे साऱ्या जगाने वाचले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या किती? दोनसुद्धा नाहीत.

म्हणूनच "आमच्याकडे कमी" या वाक्याची आम्हांस भीती वाटते. ते वाक्य वर जाते, कागदावर बसते, आणि पुढल्या वर्षी तपासणीची गाडी दुसऱ्या तालुक्याला वळते.

त्या गृहस्थांना उत्तर देण्यासाठी आम्ही एक साधे काम सुचवतो. तालुक्यातली एक लाख वस्तीची गावे निवडा. देशाच्या मानाने तेथे वर्षाला पासष्टच्या आसपास कर्करोगाचे मृत्यू व्हायला हवेत. येथल्या ग्रामसेवकांनी, आशाताईंनी आणि महाविद्यालयाच्या चार मुलांनी मिळून गेल्या पाच वर्षांच्या मृत्युनोंदवह्या उघडाव्यात. मृत्यू घाटीत झाला की घरी, हे न पाहता माणूस कोठला ते पाहावे. आणि "अशक्तपणा", "वृद्धापकाळ" असे लिहिलेल्या साठीच्या आतल्या प्रत्येक नावाच्या घरी जाऊन, ओटीवर बसून, शेवटचे दुखणे काय होते ते हळुवारपणे विचारावे. नोंदवहीत वर्षाला बारा निघाले आणि घरोघरी विचारून पन्नास निघाले, तर मधले अडतीस कोण होते ते नावानिशी कळेल. ती यादी घेऊन पुढल्या वसंतात बोलावलेत, तर आम्ही पदरचे भाडे खर्चून येऊ.

आता आपले काही प्रश्न असतील तर विचारावेत. अध्यक्षांनी त्यासाठी वेळ राखून ठेवला आहे.