पावती आहे का, हे मोबाईलवरही विचारू या

कऱ्हाटी गावातून आम्ही बचत गटाच्या सख्या तुमच्याशी बोलतोय. आज माईकसमोर एकीचा आवाज असला, तरी हे बोलणं गटाच्या बैठकीत बसून सगळ्याजणींनी मिळून ठरवलंय. म्हणून 'आम्ही' म्हणतोय.

विषय आहे मोबाईलवर होणाऱ्या वादांचा. घरातली उणीदुणी नव्हेत. युद्धाच्या बातम्या, मोबाईलचे नवे नियम, कोणी काय बोलावं आणि काय बोलू नये, यावरून ग्रुपवर जे वाद होतात ते. तुम्ही म्हणाल, गटाच्या बायकांना हे काय सुचलं? सुचलं नाही, आमच्यावर वेळ आली. ती आधी सांगतो.

आमच्या गावातल्या गटांचा मिळून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बैठकीची तारीख, हप्त्याची आठवण, बँकेचं काम, कुणाला शेळी विकायचीय, असं त्यावर चालतं. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तानमध्ये लढाई पेटली, ७ मे ते १० मे. त्या चार दिवसांत आमच्या ग्रुपवर हप्त्याची आठवण बाजूला राहिली आणि व्हिडिओंचा पाऊस पडला. रात्रीच्या आकाशात आगीचे गोळे, पडणारी विमानं, रडणारी माणसं. गटातल्या एका ताईंचा भाऊ फौजेत आहे. त्यांनी एक व्हिडिओ पाहिला आणि त्या रात्री त्यांच्या घरी चूल पेटली नाही.

तेव्हा एका वहिनींनी ग्रुपवर एवढंच विचारलं, "हा व्हिडिओ कुठला आहे? पाठवणारीनं खात्री केली का?" बस्स. लगेच उत्तरं सुरू झाली. "तुला देशाचं काही आहे की नाही?" "घरात बसून शहाणपण शिकवू नको." आणि शेवटी एकीनं शब्द टाकला, देशद्रोही. आमच्यातल्या दोघींनी त्या उत्तरांखाली अंगठ्याचं चित्रही टाकलं. वहिनी ग्रुपमधून बाहेर पडल्या. पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. बचतीचे पैसे पोराच्या हाती पाठवले.

नंतर गटातल्या एकीच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीनं तो व्हिडिओ शोधून दाखवला. तो संगणकावरच्या लढाईच्या खेळातला होता! त्या दिवसांत असे कितीतरी व्हिडिओ खरे म्हणून देशभर फिरले. काही खेळातले, काही जुने, काही भलत्याच देशातले. म्हणजे विचारणारी बरोबर होती आणि बाकीच्या आम्ही चुकलो होतो. पण समजा व्हिडिओ खरा निघाला असता, तरी विचारणं हा काय गुन्हा होता?

मैत्रिणींनो, इथं पहिला मुद्दा येतो. आपल्याला घरीदारी ऐकवतात, "तुला काय करायचंय जगाचं? तू भाकरी बघ." पण जग तर भाकरीपर्यंत आलेलं आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला. आपल्या देशात येणारं सूर्यफुलाचं तेल मोठ्या प्रमाणावर याच दोन देशांतून येत होतं. पिशवीचा भाव कसा चढला ते आपण दुकानात पाहिलं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ ला उठवली, तीही ४० टक्के शुल्क लावून. कांदा कुणाच्या वावरातला? आपल्या जिरायती पट्ट्यात तो कोण लावतं, कोण खुरपतं, कोण काटतं? त्याच सुमारास तिकडं लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. आपल्या इंदापूर तालुक्यात बोरीसारख्या गावांत परदेशी जाणारी द्राक्षं पिकतात. दिवस वाढले, भाडं वाढलं, आणि ज्या बायका द्राक्षाची विरळणी करतात, पेट्या भरतात, त्यांच्या कामाशीही त्याचा संबंध येतो. म्हणून जगाचं राजकारण हा फक्त पारावरच्या पुरुषांचा विषय नाही. त्यावर आपणही बोलायचं.

मग दुसरा प्रश्न येतो, बोललं तर पोलीस धरतील का? ही भीती बऱ्याच जणींच्या मनात असते. आणि ती उगाच नाही.

१७ नोव्हेंबर २०१२ ला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं, त्यात मुंबई अशी बंद राहण्याबद्दल प्रश्न होता. तिच्या मैत्रिणीनं त्याला फक्त 'लाईक' केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर त्यावर ओरड झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे त्या मुलींवरची केस बंद झाली.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. अशा अटकांना वाट देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं एक कलम होतं, ६६अ. त्रासदायक वाटेल असं काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. आता त्रासदायक म्हणजे काय? आमचा प्रश्न सरपंचांना त्रासदायक वाटू शकतो, सासूबाईंना वाटू शकतो. श्रेया सिंघल नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीनं या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं ते कलम रद्द केलं. दोन मुलींच्या अटकेतून हे सगळं उभं राहिलं, हे आपण बायकांनी लक्षात ठेवावं.

त्या निकालात न्यायालयानं तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या आहेत. एक चर्चा. दुसरी, आपली बाजू ठासून मांडणं. तिसरी चिथावणी. पहिल्या दोन गोष्टी कुणाला आवडोत न आवडोत, त्या बोलण्याच्या स्वातंत्र्यातच बसतात. बोलणं चिथावणीपर्यंत गेलं, की मग कायद्याला आडवं येता येतं. आम्ही गटात हे असं समजून घेतलं: "युद्ध थांबावं" ही चर्चा. "युद्ध थांबलंच पाहिजे, माझ्या बाजूनं या" ही बाजू मांडणं. "अमक्या वस्तीतल्या लोकांना धरून मारा" ही चिथावणी. ती स्वातंत्र्यात बसत नाही, आणि बसूही नये.

भीती घालणारा आणखी एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन खुणा आल्या की सरकारनं तुमचा मेसेज वाचला, लाल खूण आली की कारवाई होणार. हे साफ खोटं आहे. बरोबरची एक खूण म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे पोहोचला, दोन निळ्या झाल्या म्हणजे समोरच्यानं वाचला. तिसरी खूण नसतेच. पण असल्या मेसेजमुळं कितीतरी जणी बोलणं सोडतात. तंत्रज्ञानाची खोटी बातमीसुद्धा तोंड बंद करते, ते असं.

आता नाण्याची दुसरी बाजू. तीही तितकीच खरी, आणि फार दुःखाची आहे. १ जुलै २०१८, रविवारचा दिवस. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी, तिथं आली होती. बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. त्या भागात मोबाईलवर मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आलीय. जमावानं त्या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. टोळी वगैरे काही नव्हती.

त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर पाकिस्तानातल्या कराचीचा होता. पालकांनी मुलांना जपावं म्हणून एका संस्थेनं तो बनवला होता. शेवटी मोटारसायकलवरची माणसं मुलाला परत आणून सोडतात, असं त्यात होतं. कुणीतरी शेवट कापला, आणि उरलेला तुकडा 'आपल्याकडचं मूल पळवलं' म्हणून फिरला. पुढे पाठवणाऱ्या हजारो माणसांत आपल्यासारख्या आयाही असतील. लेकरांच्या काळजीनंच त्यांनी पाठवला असेल. पण त्या काळजीतून अशा भुकेल्या माणसांचे जीव गेले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एकावेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पुढे खूप फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण दिसू लागली. दोन बाण दिसले की समजा, हा मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलाय आणि मूळ धनी सापडणं अवघड आहे. पण कंपनीनं मर्यादा घातली म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

आता अ‍ॅडमिनची गोष्ट. आमच्यातल्या तिघी त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन आहेत. वहिनींना वाटेल ते बोललं जात होतं, तेव्हा आम्ही बघत होतो. नंतर आम्ही माहिती काढली. गोंदिया जिल्ह्यातलं असंच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं आलं होतं. ग्रुपमधल्या एकानं एका बाईंना घाण बोललं आणि अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, अशी त्या बाईंची तक्रार होती. २०२१ साली न्यायालयानं सांगितलं, सदस्यानं काही टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचं आधी संगनमत असेल तरच.

हे वाचून आम्ही सुटकेचा श्वास घेतला. मग गप्प झालो. कायद्यानं अ‍ॅडमिनला सोडलं, ठीक. पण गटाच्या वहीत आमच्या नावापुढं 'अध्यक्ष', 'सचिव' लिहिलंय ते कशासाठी? बैठकीत एकीनं दुसरीला असं बोललं असतं तर आम्ही बसून बघितलं असतं का?

तिथंच आम्हाला वाट सापडली. गटाचा व्यवहार आपण कसा करतो? पावती असल्याशिवाय वहीत आकडा लिहीत नाही. एकावेळी एकीनं बोलायचं. आकडा चुकला तर पांढरा रंग लावून झाकत नाही, रेघ मारून बरोबर आकडा लिहितो आणि सही करतो. हेच नियम आम्ही ग्रुपला लावले. सांगतो, पटले तर तुम्हीही घ्या.

पहिला, पावतीचा. बातमी टाकणारीनं सांगायचं की ही कुणी दिली, कुठली, कधीची. सांगता येत नसेल तर टाकायची नाही. आणि 'पावती आहे का?' असं कुणीही कुणालाही विचारावं. विचारणारीला नावं ठेवायची नाहीत. आता एआयच्या मदतीनं कुणाचाही चेहरा आणि आवाज नकली बनवता येतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं ही पावती धरायची नाही.

दुसरा, जे ऐकून काळजात धस्स होतं किंवा डोकं तापतं, ते एक रात्र ठेवायचं. सकाळी पाठवायचं की नाही ते बघायचं.

तिसरा, जे बैठकीत समोरासमोर बसून बोलता येणार नाही, ते ग्रुपवर लिहायचं नाही. मुद्द्यावर कितीही भांडा. माणसावर नको.

चौथा, चूक झाली तर गुपचूप मेसेज पुसायचा नाही. 'मी टाकलेलं खोटं होतं' असं त्याच ग्रुपवर लिहायचं, कारण खोटं जितक्या जणींनी वाचलं तितक्या जणींपर्यंत खरं पोहोचायला हवं.

केंद्र सरकारच्या योजना किंवा निर्णयाबद्दल शंकेचा मेसेज आला, तर पीआयबी फॅक्ट चेकच्या ८७९९७ ११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर तो पाठवून विचारता येतं. तेही करून बघा.

आणि त्या वहिनी? आम्ही तिघी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "मला देशद्रोही म्हटलं, त्याचं एवढं वाटलं नाही. ग्रुपवर एवढ्या बायका, पण 'तिला विचारू द्या' असं एकीनंही म्हटलं नाही, त्याचं वाटलं. आणि घरात मालक म्हणाले, झालं समाधान? कुणी सांगितलं होतं बोलायला?"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतं. परत येण्याआधी त्यांनी एकच अट घातली. जिथं बोललं गेलं, तिथंच चूक कबूल करा. आम्ही ग्रुपवर तिघींच्या नावानं लिहिलं. पुढच्या बैठकीला त्या आल्या. ज्यांनी तो शब्द टाकला होता, त्यांनी अजून माफी मागितलेली नाही. पण त्या दिवशी त्या वहिनींच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसल्या. सुरुवात म्हणून आम्ही तेवढ्यावर थांबलोय. आता दर बैठकीत बचत मोजून झाली की दहा मिनिटं देशाची, जगाची एखादी बातमी घेतो आणि तिच्यावर बोलतो. एकमत होत नाही. व्हावं अशी अटही नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात प्रश्न विचारणारी एखादी असेलच. पुढच्या वेळी ती काही विचारेल आणि सगळ्या तिच्यावर तुटून पडतील, तेव्हा एकच ओळ लिहा: तिला विचारू द्या.