नव्या लॅपटॉपवर जुनी कार्यप्रणाली



शाळेच्या कपाटात जपून ठेवलेल्या जुन्या सीडी आणि लोकवर्गणीतून आलेला नवा लॅपटॉप ह्यांचे जमत नाही, ही तक्रार अलीकडे पुष्कळ शाळांतून ऐकू येते. जुना संगणक बंद पडला की त्यावरील अंकगणिताचे खेळ, अक्षरओळखीचे पाठ आणि मुलांच्या आवडीची चित्रे सारे थांबते. नव्या यंत्रात सीडी घालावयास खाचसुद्धा नसते. मग कोणीतरी सुचवितो, ‘तालुक्याला नेऊन त्यावर विंडोज ७ मारून आणा, म्हणजे झाले.’ ही सूचना ऐकावयास सोपी आहे. आचरणात आणावयास मात्र तशी नाही. का नाही, हे नीट समजून घेतले तर एक-दोन दिवसांची यातायात वाचेल आणि क्वचित शाळेचे दप्तरही वाचेल.

एका द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींचे उदाहरण घेऊ. गुरुजी हौशी. लॅपटॉप दुकानात न पाठविता त्यांनी काम स्वतःच करावयाचे ठरविले. विंडोज ७ ची सामग्री पेनड्राइव्हवर उतरविली, लॅपटॉप त्यावरून सुरू केला. पडद्यावर भाषेची निवड आली. पुढच्याच पायरीला मात्र सीडी-डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही, असा संदेश उमटला. गुरुजी चक्रावले. यंत्रात सीडीच नाही, आणि ज्या पेनड्राइव्हवरून हे सर्व चालले आहे तोच सापडत नाही, हे कसे?

ह्याचे उत्तर हजेरीपटात आहे. ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाच्या शाळेतील मुख्याध्यापक होय. कळफलक, पडदा, डिस्क, ध्वनी ही तिच्या वर्गातील मुले. ज्याचे नाव पटावर आहे त्यालाच ती हाक मारते. आणि ड्रायव्हर म्हणजे पटावरील ती नोंद. विंडोज ७ ही २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आली. तिचा पट त्या काळचा. यूएसबी ३ हा नवा, वेगवान जोड त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, ठरला होता व विंडोजच्या पटावर त्याचे नाव पुढे २०१२ च्या विंडोज ८ मध्ये चढले. तरीही बरीच वर्षे अडले नाही, कारण यंत्रांत जुन्या यूएसबीची सोय सोबत असे. २०१५ मध्ये इंटेलच्या सहाव्या पिढीबरोबर ती जुनी सोयच काढून टाकण्यात आली. तेव्हापासून घोटाळा सुरू झाला.

आता गुरुजींचे कोडे उलगडते. आरंभी पेनड्राइव्ह वाचण्याचे काम विंडोज करीत नाही. ते लॅपटॉपच्या अंगभूत फर्मवेअरचे काम असते. फर्मवेअर सामग्री मेमरीत नेऊन ठेवते आणि कारभार विंडोजच्या हाती देते. चार्ज बदलला त्या क्षणी नव्या मुख्याध्यापकाने पट उघडला, तर त्यात यूएसबी ३ चे नावच नाही. पेनड्राइव्ह जागच्या जागी आहे, पण हजर धरला जात नाही. यूएसबीने जोडलेल्या माऊसची तीच गत. लॅपटॉपचा स्वतःचा कळफलक बहुधा आतून जुन्या पद्धतीने जोडलेला असल्याने चालतो, म्हणून माणसाला वाटते की यंत्र ठीक आहे व दोष पेनड्राइव्हचाच आहे. मग तो तीन पेनड्राइव्ह बदलून पाहतो! संदेशातील ‘सीडी’ ह्या शब्दाने दिशाभूल होते, ती वेगळीच.

उपाय अर्थातच पटावर नावे चढविण्याचा. पेनड्राइव्हवरील सामग्रीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर आधीच मिसळावे लागतात. येथे एक बारकावा पुष्कळांच्या हातून निसटतो. त्या सामग्रीत ‘बूट’ आणि ‘इन्स्टॉल’ अशा दोन मोठ्या फायली असतात. पहिली बसविण्याच्या वेळेपुरती चालते, दुसरी बसल्यानंतर कायम राहते. ड्रायव्हर केवळ दुसरीत मिसळले तर बसविण्याची वेळच येत नाही; केवळ पहिलीत मिसळले तर विंडोज बसते आणि नंतर माऊस निर्जीव होतो. दोन्हींत मिसळावे लागतात.

एवढे झाले तरी पुढे डिस्क दिसत नाही. आजच्या लॅपटॉपमधील एनव्हीएमई जातीची डिस्क विंडोज ७ च्या मूळ पटावर नाही; त्यासाठी मायक्रोसॉफ्टने मागाहून काढलेली पुरवणी मिसळावी लागते. त्यानंतर सुरुवातीचाच प्रश्न. नव्या यंत्रांत सिक्युअर बूट नावाचा पहारा असतो. विंडोज ७ साठी तो उठवावा लागतो. शिवाय पडदा दाखविण्यासाठी तिला जुन्या बायोसची नक्कल करणारी सीएसएम ही सोय लागते. ही सोय २०२० पर्यंत काढून घेण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता, आणि अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत ती नाहीच. ज्यात नाही त्यात विंडोज ७ आरंभीच्या बोधचिन्हापाशी थबकते. तेथे हौस सोडून द्यावी हे उत्तम. वायफाय आणि पडद्याचे ड्रायव्हर मिळत नाहीत, हे दुःख त्याहून पुढचे आहे.

आमच्या गुरुजींनी सिक्युअर बूट बंद केले, काही जमले नाही म्हणून पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप नेहमीसारखा सुरू केला, आणि खरा धक्का तेव्हा बसला. निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली गेली. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद केलेला असतो, आणि सुरुवातीच्या पहाऱ्यात फेरबदल झाला की यंत्राला चोरीचा संशय येतो. ही किल्ली बहुधा ज्याच्या खात्याने लॅपटॉप प्रथम सुरू केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात राहते. येथे ते खाते पूर्वीच्या बाईंचे होते, आणि बाईंची बदली होऊन वर्ष लोटले होते. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, निकालपत्रके, मुलांची माहिती, सर्व त्या कुलपाआड.

गुरुजींनी बाईंना फोन केला. “बाई, लॅपटॉप किल्ली मागतो आहे. आपल्या खात्यात काही दिसते का?”

“पाहून सांगते, गुरुजी,” बाई म्हणाल्या, “पण आधी जे बदललेत ते पूर्ववत करून बघा.”

सिक्युअर बूट पुन्हा चालू करताच लॅपटॉप उघडला. किल्लीही संध्याकाळपर्यंत सापडली. समजा, मध्यंतरी गुरुजींनी कंटाळून डिस्क पुसली असती, तर किल्ली सापडूनही उपयोग नव्हता.

ह्या प्रकरणात आणखी एक गंमत आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नव्या फर्मवेअरच्या पद्धतीने बसावयास विंडोज ७ चौसष्ट-बिटच असावी लागते. उलट, नव्वदच्या दशकातील कित्येक सीडींचा बसविणारा प्रोग्राम सोळा-बिट असतो, आणि सोळा-बिट प्रोग्राम कोणत्याही चौसष्ट-बिट विंडोजवर चालत नाही. म्हणजे हा सारा खटाटोप यशस्वी झाला असता तरी गुरुजींची सीडी बंदच राहिली असती.

तेव्हा जुन्या पाठासाठी नव्या घराच्या भिंती पाडण्यापेक्षा घरातच एक जुनी खोली उभी करावी. प्रथम जुन्या प्रोग्रामच्या गुणधर्मांत जाऊन ‘कंपॅटिबिलिटी’ ही सोय लावून पाहावी. काहींचे तेवढ्यावर भागते. न भागल्यास व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम घ्यावा. तो लॅपटॉपच्या आत एक काल्पनिक संगणक उभा करतो. त्याचा कळफलक, डिस्क, पडदा हे सर्व जुन्या वळणाचे, म्हणजे विंडोज ७ च्या पटावर नाव असलेले. त्यात बत्तीस-बिट विंडोज ७ बसवावी; तिला १ जीबी मेमरी व डिस्कवर १६ जीबी जागा किमान लागते, मेमरी दुप्पट दिल्यास बरे. कोठल्याही सीडी असलेल्या संगणकावर जुन्या सीडीची आयएसओ प्रत करून आणावी, म्हणजे खाचेची उणीव भासत नाही. विंडोज ७ चा परवाना मात्र हवा. नव्या लॅपटॉपसोबत आलेला परवाना तिला चालत नाही आणि जुन्या संगणकासोबत आलेला सामान्यतः त्याच यंत्रापुरता असतो.

ह्या जुन्या खोलीला इंटरनेटचे दार ठेवू नये. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती सर्वसामान्यांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, आणि २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्याही तिच्यावर बसत नाहीत. विंडोज १० ची नेहमीची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. यू-डायस प्लसची माहिती भरण्यासारखी कामे बाहेरच्या चालू विंडोजवरच करावीत.

गुरुजींनी अखेर असेच केले. अंकांचा खेळ पडद्याच्या एका चौकटीत उघडतो; आवाज किंचित अडखळतो, मुलांना त्याचे काही वाटत नाही. अठ्ठेचाळीस आकडी किल्ली त्यांनी कागदावर दोनदा ताडून लिहिली, पाकिटात घालून कपाटात कुलपात ठेवली, आणि डेडस्टॉक रजिस्टरात लॅपटॉपच्या नोंदीपुढे शेरा लिहिला की, बदलीच्या वेळी चार्ज देताना हे पाकीट लॅपटॉपसोबत द्यावे.