रणचिन्ह आणि व्यापारचिन्ह

सौंसर तालुक्यातील बोरगावच्या औद्योगिक वसाहतीपुढून ‘व्ही’ नावाची एखादी मोटारसायकल धडधडत गेली, तर पाहणाऱ्यास ती चारचौघींसारखीच वाटेल. परंतु त्या एकाक्षरी नावामागे एक युद्धनौका उभी आहे.

सैन्याची मानचिन्हे बाजारात उतरण्याची रीत जुनी आहे. पलटणीने पाळलेला प्राणी किंवा विमानावर रंगविलेले चित्र ही मुळात सैनिकांची आपसांतील खूण. 1914 साली कॅनडाच्या एका लष्करी पशुवैद्याने वीस डॉलरांस अस्वलाचे पिल्लू घेतले. सैनिकांचे ते लाडके ‘विनी’ पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेले, आणि त्याच्या नावावरून मिल्न यांनी निर्मिलेल्या ‘विनी द पू’ने जगभरची खेळण्यांची दुकाने भरून टाकली.

इटलीचा वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का याच्या विमानावर मागील पायांवर उभा राहिलेला घोडा होता. तो 1918 साली युद्धात पडला. पुढे त्याच्या आईने हा घोडा मोटारीवर लावण्यास सुचविले, असे एन्झो फेरारी सांगत. 1932 पासून तो फेरारींच्या शर्यतीच्या मोटारींवर दिसू लागला. येथे चिन्ह दिले ते मातेने, हे विसरता येत नाही.

‘विक्रांत’ची कथा याहून निराळी. 1961 साली नौदलात आलेल्या या विमानवाहू नौकेवरील विमानांनी 1971 च्या डिसेंबरात चित्तगाव व कॉक्स बाजार येथे हल्ले चढविले. 1997 मध्ये ती निवृत्त झाली आणि काही वर्षे मुंबईस तरते संग्रहालय म्हणून राहिली. तिचे कायमचे स्मारक व्हावे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. परंतु डागडुजीचा भार उचलणार कोण, या प्रश्नावर सारे अडले. 2014 साली ती मुंबईतच तोडली गेली. तिच्या भंगारातील काही धातू पुण्याच्या बजाज ऑटोने विकत घेतला आणि 2016 मध्ये ‘व्ही’ बाजारात आणली. जाहिरातीत नौकेच्या पराक्रमाचा पुकारा झाला. शौर्याचे भांडवल केले, असा आक्षेप त्यावर घेता येईल, व तो अगदीच निराधार नाही. तथापि जे जतन करणे शासनास जमले नाही, त्यातील चिमूटभर उचलणाऱ्या व्यापाऱ्यालाच तेवढे दोषी धरणे न्याय्य ठरत नाही.

पुढे त्या मोटारसायकलीचे उत्पादनही थांबले. 2022 साली कोची येथे नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. जुनीच्या धातूचा अंश मात्र कोणाच्या तरी अंगणात, पावसात गंजत उभा असेल.